वाचकांचे प्रश्न : टिचिनोचं खोरं, उजनीचे बगळे आणि सांगोल्याचा लांडगा

गेल्या अंकात इटलीतल्या टिचिनो नदीच्या खोऱ्यातल्या वन्यजीवांवर लेख होता. त्यावर सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. ज्यांचा लेख हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात: टिचिनो स्वित्झर्लंडच्या आल्प्समध्ये उगम पावते, माज्जोरे सरोवरात शिरते, सेस्तो कालेंदे गावापाशी बाहेर पडते आणि सुमारे 110 किलोमीटर वाहून पाव्हिया शहराच्या खाली पो नदीला मिळते. या शेवटच्या टप्प्यात एका बाजूला मिलानची औद्योगिक वस्ती, तर दुसऱ्या बाजूला भाताची शेतं आहेत. एवढ्या गर्दीतही तिथे वनस्पती, प्राणी आणि बुरशी मिळून सहा हजारांच्या वर प्रजातींची नोंद झाली आहे.

उजनीच्या पाणफुगवट्यावर हिवाळ्यात येणारे पक्षी, रोहितसुद्धा, उन्हाळ्यात इटलीला जातात का? लेखातल्या फोटोतले बगळे तर आपल्याकडचेच वाटले.
— वाचक, टेंभुर्णी

बगळे ओळखीचे वाटले ते बरोबरच आहे. राखी बगळा, जांभळा बगळा, रातबगळा, छोटा बगळा या चारही जाती उजनीवर आहेत आणि टिचिनोवरही. आपल्या ढोकरीचा एक जवळचा भाऊबंद तिकडे असतो, उडताना पंख तसेच पांढरे फाकवतो. मात्र जात एक असली तरी पक्षी तेच नसतात. टिचिनोवर वीण करणारे बहुतेक रातबगळे आणि जांभळे बगळे हिवाळ्यात सहारा ओलांडून आफ्रिकेत उतरतात. उजनीवरचा पट्टकदंब तिबेट-मंगोलियाकडून येतो, आणि नान्नजच्या माळावर हिवाळ्यात घिरट्या घालणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी कझाकस्तानच्या बाजूने. इटलीतले भोवत्ये आफ्रिकेत जातात. दोन्हीकडच्या वाटा वेगळ्या, मध्ये गाठ पडत नाही.

रोहित पक्ष्यांबद्दल विचारलंत. जात तीच. पण टिचिनोवर ते शोधू नका, त्यांना खारट उथळ पाणी लागतं. इटलीत ते पो नदीच्या मुखाशी, कोमाक्कियोच्या खाजणात भेटतात.

एका पक्ष्याबाबत मात्र गल्लत होईल. काळं डोकं, वाकडी चोच, पांढरं अंग, म्हणजे हा आपला पांढरा शराटी, असं वाटेल. तो आफ्रिकन शराटी असतो. पाळलेल्यांतून सुटून आलेल्या या पक्ष्यांनी 1989 मध्ये वायव्य इटलीत पहिली घरटी केली आणि आता भाताच्या शेतांत त्यांचे थवे दिसतात. ओळखायची खूण पंखांवर आहे. उडताना पांढऱ्या पंखांच्या मागच्या कडेला काळी किनार दिसली आणि बसल्यावर शेपटीवर काळ्या पिसांची झालर दिसली, की तो आफ्रिकन. आपल्याकडच्या शराटीच्या पंखाला काळी किनार नसते.

शेती वाढली की पक्षी जातात असंच आजवर ऐकलं. मग भाताच्या पट्ट्यात बगळ्यांच्या एवढ्या मोठ्या वसाहती कशा?
— शेतकरी वाचक, माळशिरस

कारण तिथली जुनी भातशेती म्हणजे वर्षातले चार-पाच महिने टिकणारी उथळ पाणथळ जागा होती. पाव्हिया हा इटलीतला सर्वांत मोठा भात पिकवणारा जिल्हा. नदीच्या पश्चिमेला लोमेल्लिना भागात एप्रिलमध्ये बांध बंद करून वाफे पाण्याने भरतात. 1863 ते 1866 दरम्यान खोदलेला कावूर कालवा पो नदीचं पाणी उचलतो आणि या भागाला पाणी पुरवत टिचिनोपर्यंत येतो. रोपं लावत नाहीत. भिजवलेलं बी थेट भरलेल्या वाफ्यात फेकतात. पाणी घोट्यापर्यंत. त्यात महिनाभरात बेडकांची पिल्लं, पाणकिडे, छोटे मासे होतात. बगळ्यांची अंडी फुटतात तीही मे महिन्यात. घरटी नदीकाठच्या आल्डर आणि विलोच्या दलदलीतल्या झाडांवर, अन्न शेतात, मध्ये काही किलोमीटरची उडी. हा जोड जमला म्हणून वसाहती झाल्या.

आता तो जोड सुटतो आहे. पाणी वाचावं, मजुरी वाचावी, यंत्र शेतात फिरावं म्हणून बरेच शेतकरी कोरड्या रानात पेरणी यंत्राने भात पेरतात आणि रोप तीन-चार पानांचं झाल्यावर, म्हणजे मे अखेर किंवा जूनमध्ये, पाणी सोडतात. भात पिकतो. पण पिल्लांना सर्वांत जास्त अन्न लागतं तेव्हा रान कोरडं असतं. दुसरी अडचण मधल्या सुकवणीची: तणनाशक मारण्यासाठी किंवा मुळं धरण्यासाठी आठ-दहा दिवस पाणी काढतात. बेडकाच्या पिल्लाला पाय फुटायला सहा-आठ आठवडे सलग पाणी लागतं, मध्ये एकदा वाफा सुकला की त्या वर्षीची पिढी गेली.

तिसरा परिणाम डोळ्याला दिसत नाही. एप्रिलमध्ये भरलेले वाफे जमिनीत पाणी मुरवतात आणि त्यावर खालच्या अंगाचे झरे उन्हाळाभर चालतात. पाणी उशिरा सोडलं की झरेही उशिरा चढतात. ठिबक केलं की विहिरीची पातळी आपोआप सुधारते असं आपल्याकडे सरसकट बोललं जातं. कालव्याच्या लाभक्षेत्रात ते नेहमी खरं नसतं, हे उजनीच्या कालव्याखालच्या विहिरी असलेल्यांना सांगायला नको.

यावर तिकडे निघालेला तोडगा साधा आहे. वाफ्याच्या एका कडेने सुमारे 40 सेंटिमीटर खोल आणि 60 सेंटिमीटर रुंद चर काढायचा आणि वाफा सुकवला तरी चरात पाणी ठेवायचं. पिल्लं, मासोळ्या त्यात उतरतात, बगळे काठावर उभे राहतात. त्यासाठी शेतकऱ्याला अनुदान मिळतं. चर फसतो तो दोन कारणांनी: उतार वाफ्याकडून चराकडे नसला तर पिल्लं मध्येच डबक्यात अडकून मरतात, आणि चराचं तोंड निचऱ्याच्या नळीला जोडलेलं राहिलं तर चरही रिकामा होतो.

मुलगी पाव्हियाला शिकायला आहे. मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. पक्षी पाहायचे तर कुठे, कसे? सोबत काय घ्यावं?
— वाचक, जुळे सोलापूर

मे चांगला महिना आहे, बगळ्यांची वीण जोरात असते. मिलानहून पाव्हिया रेल्वेने अर्ध्या तासाच्या अंतरावर. शहरातल्या छताच्या पुलावरूनच नदी दिसते, काठाने पायवाटा आहेत. तिथून वर बेरेग्वार्दोजवळ नावांवर तरंगणारा पूल आहे आणि त्याच्या आसपासचं रान पाहण्याजोगं. पूर आला की हा पूल बंद करतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. मुलगी ज्या विद्यापीठात आहे त्याच पाव्हिया विद्यापीठाच्या ताब्यात झेर्बोलो गावाजवळ सिरो नेग्री नावाचं छोटं राखीव रान आहे, पो खोऱ्यातल्या मूळच्या ओक-आल्डर जंगलाचा शिल्लक तुकडा. तिथे मनाला येईल तेव्हा जाता येत नाही, परवानगी लागते. मुलीला आधीच चौकशी करायला सांगा.

वेळेचा हिशेब वेगळा ठेवा. मे मध्यावर तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमाराला मावळतो. रातबगळे वसाहतीतून चरायला निघतात ते त्यानंतर, म्हणजे आपल्याकडची जेवणं उरकायची वेळ. आधी 'क्वॅक' असा एकेरी, घोगरा आवाज येतो, मग आखूड मानेचा जाडजूड पक्षी डोक्यावरून जातो. उशिरा परतायला बस मिळेलच असं नाही. सायकल किंवा कोणाची गाडी ठरवून ठेवा.

वसाहत दिसली तर निदान 100 मीटर लांबून, बांधावरून पाहा. झाडाखाली जाऊ नका. मोठे बगळे उडाले की कावळे दोन मिनिटांत अंडी उचलतात, आणि घाबरलेली पिल्लं काठावरून खाली पडतात. पडलेल्या पिल्लाला आईबाप खाली येऊन भरवत नाहीत. दुर्बीण 8 गुणिले 42 ची घ्या, 10 पट मोठं दाखवणारी असेल तर संध्याकाळच्या उजेडात हात थरथरतो.

डास खूप असतात, भाताचा पट्टा आहे. पण खरी काळजी गोचिडाची. आपल्याकडची गोचीड जनावरावर असते म्हणून माणूस बेफिकीर असतो. तिकडची गवताच्या पात्यावर पाय पसरून बसते, अंगाला गवत घासलं की चढते, आणि तिच्यामार्फत लाइम आजार होऊ शकतो. फिक्या रंगाची पूर्ण लांबीची पँट घाला, तिची टोकं मोज्यात खोचा. परत आल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, काखेत, कानामागे पाहा. चिकटलेली दिसली तर बारीक टोकाचा चिमटा कातडीला लावून तिचं तोंड धरा आणि सरळ वर, एकसारख्या ताकदीने ओढा. पोट दाबू नका. तेल, रॉकेल, पेटती काडी यांतलं काही लावू नका. गुदमरली की ती पोटातलं जखमेत ओकते आणि संसर्गाची शक्यता वाढते. जागा साबणाने धुवा, तारीख लिहून ठेवा. पुढच्या महिनाभरात तिथे लाल चकतं पसरत गेलं किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. सोलापुरात परतल्यावर कोणी आपणहून ते विचारणार नाही.

आणि नदीत उतरू नका. गोट्यांचे काठ मोह पाडतात, पण पाणी बर्फाचं, ओढ जोरात, आणि खालची खडी सरकते.

तिथे साप विषारी आहेत का?
— शालेय विद्यार्थी, बार्शी

एक जात, आस्प नावाची घोणसवर्गीय, विषारी आहे. नाग, मण्यार नाहीत. पाण्याकाठी दिसणारे बहुतेक बिनविषारी पाणसाप.

हिवाळ्यात बर्फ पडत असताना तिथली काही कुरणं हिरवी कशी राहतात, हे लेखात एका ओळीत आटोपलं. सविस्तर सांगावं.
— शिक्षक वाचक, अक्कलकोट

आल्प्सच्या पायथ्याशी जमिनीखाली जाड खडी आहे. पावसाचं आणि बर्फाचं पाणी तीत मुरतं आणि उताराने दक्षिणेकडे सरकतं. पुढे खडी संपून बारीक रेती आणि चिकणमाती लागते. पाण्याला वाट उरत नाही, ते वर येतं. या रांगेवर शेतकऱ्यांनी शतकानुशतकं खड्डे खोदून झरे मोकळे केले, त्यांना फोंतानिले म्हणतात. वरचा गोल खड्डा म्हणजे झऱ्याचं डोकं. त्याच्या तळाशी पूर्वी बिनबुडाची लाकडी पिंपं ठोकत, नंतर लोखंडी नळ्या आल्या. त्यांतून पाणी बुडबुडत वर येतं आणि चरातून शेताकडे जातं. बाहेर शून्याखाली असलं तरी हे पाणी साधारण 10 ते 15 अंशांच्या दरम्यान राहतं.

कुरणाची जमीन दोन्ही बाजूंनी हलकी उतरती करतात, घराच्या पाखीसारखी. मधल्या उंच पाटातून पाणी दोन्ही अंगांनी पातळ थराने सोडायचं आणि खालच्या पाटात गोळा करायचं. पाणी थांबता कामा नये. थांबलं की गार होतं, गोठतं आणि मुळं कुजतात. सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत हे चालतं, आणि पहिली कापणी जानेवारी-फेब्रुवारीत येते, जेव्हा शेजारचं रान पांढरं असतं. मोरिमोंदोचा मठ, स्थापना 1134, या पद्धतीसाठी ओळखला जातो. पाणलावा, धोबी, टिटवीच्या कुळातले पक्षी कडाक्याच्या थंडीत याच कुरणांवर जगतात, कारण चोच खुपसता येईल अशी मऊ जमीन आसपास दुसरी नसते.

हे सगळं हातकामावर उभं आहे. झऱ्याच्या डोक्यातला गाळ आणि पाणवनस्पती नियमित काढल्या नाहीत तर नळ्या बुजतात आणि काही वर्षांत खड्ड्यात झाडोरा उगवतो. चाऱ्यासाठी मका परवडू लागल्यावर बरीच कुरणं मोडली गेली. ती नैसर्गिक असती तर निसर्गप्रेमींनी आरडाओरड केली असती; माणसाने केलेली म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. आपल्या बारवा-पाटांचंही थोडंफार असंच झालं.

हीच युक्ती अक्कलकोटला करता येईल का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नाही. आपल्याखाली बेसॉल्ट आहे, त्यात पाणी फटींतून आणि मुरमातून जातं. खडीचा असा सलग थर नाही. आणि थंडीपासून गवत वाचवायची आपल्याला गरज नाही.

माळढोक अभयारण्यात आमच्या भागातल्या जमिनींचे व्यवहार वर्षानुवर्षं अडकले होते. टिचिनोच्या उद्यानात शेतकरी कसे राहतात?
— वाचक, उत्तर सोलापूर

तुमची तक्रार समजण्यासारखी आहे. 1979 मध्ये जाहीर झालेलं माळढोक अभयारण्य सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं, त्यात गावंच्या गावं आली. पुढे ते सुमारे 1,200 चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. टिचिनोचं लोंबार्दी प्रांतातलं उद्यान जानेवारी 1974 च्या कायद्याने झालं, इटलीतलं पहिलं प्रादेशिक उद्यान. त्या कायद्याचा मसुदा नागरिकांनी सह्या गोळा करून विधिमंडळात नेला होता. क्षेत्र सुमारे 91 हजार हेक्टर, त्यात चाळीसहून अधिक गावं-शहरं आहेत, आणि मिलानचा मालपेन्सा विमानतळही हद्दीतच.

फरक पट्ट्यांचा आहे. नदी, तिचे फाटे आणि काठचं जंगल मिळून सुमारे 20 हजार हेक्टरवर कडक नियम. बाहेरच्या पट्ट्यात शेती, खरेदी-विक्री, घरं चालतात, पण बांधकाम, वृक्षतोड, खडी उपसा यांना उद्यानाची परवानगी लागते. कारभारात तिथल्या नगरपालिकांचा वाटा असतो. वाद तिथेही आहेत, विशेषतः रानडुकरांनी मका उद्ध्वस्त केल्यावर भरपाई किती यावरून.

लांडगे तिथेही वाढलेत म्हणता. आमच्याकडे रात्री वाघर (जाळ्याचं कुंपण) लावूनही मेंढ्या जातात. तिकडचे लोक काय करतात?
— मेंढपाळ कुटुंबातील वाचक, सांगोला

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला साऱ्या इटलीत शंभरएक लांडगे उरले होते. 1971 पासून संरक्षण मिळालं; 2020-21 च्या देशव्यापी मोजणीत अंदाज सुमारे 3,300 आला. गेल्या काही वर्षांत ते टिचिनोच्या काठानेही दिसू लागलेत. तिथे त्यांना रो हरिण, रानडुक्कर, पाणउंदरासारखा न्यूट्रिया मिळतो. आपल्या माळावर काळवीट आणि ससे कमी झाले की नजर कळपाकडेच वळते.

तिकडे दोन गोष्टी एकत्र करतात: विजेचं कुंपण आणि मारेम्मा जातीचे राखणे कुत्रे. पिल्लू दोन महिन्यांचं असल्यापासून मेंढ्यांतच वाढवतात, घरात लाड करत नाहीत. एक कुत्रा पुरत नाही. लांडगे एकाला गुंतवतात आणि बाकीचे दुसऱ्या बाजूने येतात.

कुंपणासाठी आपल्याकडचं झटका मशीन चालतं. पाच तारा: जमिनीपासून 20, 40, 65, 90 आणि 120 सेंटिमीटरवर. सर्वांत खालची तार महत्त्वाची, कारण लांडगा उडी मारण्याआधी खालून घुसायला बघतो. ओघळीवर तार ताणली की खाली फट राहते, तिथे जादा खुंटी ठोका. मशीनपासून सर्वांत लांबच्या टोकाला टेस्टरवर 4,000 व्होल्टच्या आसपास दाब दिसला पाहिजे. तो 3,000 च्या खाली गेला तर कुंपण नुसतं दाखवायला. दाब पडतो तो बहुधा तारेला गवत टेकल्याने, नाहीतर अर्थिंग कच्चं असल्याने.

अर्थिंगच आपल्याकडचा घोटाळा आहे. इटलीतली जमीन ओली, आपली उन्हाळ्यात भेगाळलेली. झटका बसायला वीज जनावरातून जमिनीत आणि जमिनीतून मशीनकडे परत जावी लागते. कोरड्या मातीत ती वाट तुटते. जस्ताचा मुलामा दिलेल्या मीटरभर लांबीच्या तीन सळ्या तीन-तीन मीटरवर ठोका, एकमेकींना जोडा, उन्हाळ्यात बुडाशी रोज बादलीभर पाणी घाला. शिवाय पाचपैकी दुसरी आणि चौथी तार मशीनच्या अर्थला जोडा. मग लांडग्याचं अंग दोन तारांना एकदम लागलं की जमीन कोरडी असली तरी झटका बसतो.

घरची लाइन थेट तारेला कधीही जोडू नका. माणूस मरतो आणि तो गुन्हा आहे. लांडगा आपल्याकडे पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे विष किंवा सापळाही नाही. मेंढी मारली गेली तर ती हलवू नका, फोटो काढा आणि त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही.

द्राक्षावर येणारा जपानी भुंगा टिचिनोत सापडला असं वाचलं. तो आणि आपली उसातली हुमणी एकच का?
— द्राक्ष बागायतदार, पंढरपूर

कूळ एक, जात वेगळी. जपानी भुंगा 2014 मध्ये टिचिनोच्या उद्यानात आढळला, युरोपच्या मुख्य भूमीवरची ती पहिली नोंद. लांबी जेमतेम सेंटिमीटरभर, डोकं चमकदार हिरवं, पाठ तांब्याच्या रंगाची. खात्रीची खूण म्हणजे पोटाच्या दोन्ही कडांना पाच-पाच आणि मागे दोन, असे पांढऱ्या केसांचे झुपके. आपल्या हुमणीचा भुंगा तपकिरी, मोठा, आणि वळवाचा पाऊस पडला की रात्री कडुनिंब-बाभळीवर जमतो. जपानी भुंगा दिवसा, भर उन्हात खातो आणि पानाची नुसती जाळी ठेवतो.

अळी दोघांचीही जमिनीत, मुळांवर. म्हणून इलाजही जुळतात: मेटारायझियम बुरशी आणि सूत्रकृमी ओलाव्यावर, ऊन उतरल्यावर सोडायचे, कोरड्या तापलेल्या मातीत दोन्ही मरतात आणि औषध बोगस निघालं असं वाटतं. कामगंध सापळे बागेच्या आत लावू नका, येतात त्यांतले बरेच भुंगे सापळ्याबाहेरच वेलींवर उतरतात. जुळे सोलापूरच्या वाचकांनी हेही वाचावं: तिकडून कुंडी, माती, रोप काहीही आणू नका.

उजनीत चिलापीने बाकीचे मासे संपवले असं आम्ही म्हणतो. तिथेही असं झालं का?
— मच्छीमार वाचक, करमाळा

झालं, आणि तिथला पाहुणा मोठा आहे. डॅन्यूबकडचा वेल्स जातीचा मासा पो खोऱ्यात आणून सोडला गेला. तो दोन मीटरच्या पुढे जातो आणि मासे, बेडूक, पाणपक्ष्याचं पिल्लू असं काहीही गिळतो. पकडलेला वेल्स परत पाण्यात सोडायला लोंबार्दीत बंदी आहे. संगमरवरी ट्राउट या तिथल्या मूळच्या माशाचं दुखणं वेगळं: गळवाल्यांसाठी सोडलेल्या परक्या ट्राउटशी तिचा संकर होतो, मासा राहतो पण मूळ जात विरघळते. आड्रियाटिक स्टर्जन तर समुद्रातून वर येणारा. 1962 मध्ये पो नदीवर ईझोला सेराफिनीचं धरण झालं आणि वाट बंद झाली. 2017 मध्ये तिथे माशांसाठी पायऱ्यांचा मार्ग सुरू झाला. असा मार्ग चालतो तो त्याच्या तोंडाशी पाण्याची ओढ पुरेशी असेल तरच, कारण मासा प्रवाहाच्या आवाजावर आणि जोरावर वाट शोधतो. टर्बाइनची ओढ त्याहून जास्त असली तर तो पायऱ्या सोडून तिकडेच जाऊन थडकत राहतो.

उजनीच्या बाबतीत चिलापी हा एकटा गुन्हेगार नाही. पुण्याकडून येणारं सांडपाणी आणि त्यावर वाढणारं शेवाळ यांत तगणारा मासा म्हणून तो पुढे गेला. लहान आसाची जाळी बंद ठेवून आणि मृगळ, रोहूचं बोटभर बीज पावसाळ्यात सोडून फरक पडतो, पण बीज बोटापेक्षा लहान असलं तर ते चिलापीचाच चारा होतं.